टाउन्स डोमिनिकन कसा, आणि हे खेळाडू खरंच वाढलेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारे एक गृहस्थ विचारतात: "कार्ल-अँथनी टाउन्स आमच्या एडिसनमध्ये जन्मला, तरी टीव्हीवर त्याला डोमिनिकन म्हणतात, ते कसं? बेसबॉलवेड्या एवढ्याशा देशातून व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये एकदम इतकी मुलं कुठून यायला लागली? आणि माझ्या मुलाच्या टीममध्ये एक डोमिनिकन मुलगा आहे, पंधरा वर्षांचा, जन्म इथलाच, चांगला उंच. त्याची आई त्याला स्पेनला पाठवायच्या विचारात आहे. तिने मला विचारलं, मी काय सांगू?"

मी तुमच्यापासून फार लांब नाही. पर्थ अँबॉय, पॅटरसन या भागात शाळकरी मुलांना बरीच वर्षं बास्केटबॉल शिकवतोय आणि माझ्याकडे येणाऱ्यांत डोमिनिकन घरातली मुलं पुष्कळ असतात. त्यामुळे खेळाइतकंच त्यांच्या कागदपत्रांबद्दलही मला बोलावं लागतं. खरं तर तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर बरंचसं त्या कागदांतच आहे.

आधी मोजणी. डोमिनिकन खेळाडू लोक दोन तऱ्हांनी मोजतात आणि घोळ तिथेच होतो. कुणी डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, म्हणजे त्या कॅरिबियन बेटावर, जन्मलेलेच धरतात, तर कुणी आईवडिलांपैकी एक जण तिथला असला तरी धरतात, जन्म न्यूयॉर्क-जर्सीतला का असेना. टाउन्स या दुसऱ्या मोजणीतला. आई जॅकलीन क्रूझ डोमिनिकन. वडील अमेरिकन, तेही पिस्कॅटवेच्या शाळेत बास्केटबॉलचे कोच. डोमिनिकन राज्यघटनेनुसार परदेशात जन्मलेल्या मुलाची आई किंवा वडील डोमिनिकन असतील तर ते मूल डोमिनिकनच. म्हणजे त्याला कुणी कौतुकापोटी आपलं म्हटलेलं नाही, कायद्यानेच तो त्यांचा आहे. सोळाव्या वर्षी तो त्यांच्या राष्ट्रीय संघात होता आणि तेव्हा त्या संघाचे कोच होते केंटकी विद्यापीठाचे जॉन कॅलिपारी. पुढे तो त्यांच्याकडेच केंटकीला खेळला आणि एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगच्या २०१५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडला गेला. २०२०मध्ये कोविडने आई गेली. २०२३च्या वर्ल्ड कपला तो पुन्हा डोमिनिकन जर्सीत उतरला. त्या वेळी त्यांनी गटातले तिन्ही सामने जिंकले, त्यात इटलीही होती आणि यजमान फिलिपिन्सही.

आता 'एकदम' आलेत का? नाही. पहिला टिटो हॉर्फर्ड, ला रोमानाचा, सात फुटांच्या वर. शाळेसाठी ह्युस्टनला आला, भरतीच्या नियमांच्या भानगडीत तिथल्या विद्यापीठात खेळता आलं नाही, मग लुइझियाना स्टेट, मग मायामी असा फिरला आणि १९८८मध्ये मिलवॉकी बक्सने त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं. दहा वर्षांनी फेलिपे लोपेझ. जन्म डोमिनिकन रिपब्लिकमधला, पोरवयात साउथ ब्रॉंक्सला आला, हार्लेममधल्या शाळेतून खेळला. कॉलेजात पाऊल टाकण्याआधीच एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. त्याच्यावर त्या वेळी जे ओझं टाकलं गेलं ते कुठल्याच पोराला पेलणारं नव्हतं. तो ड्राफ्टमध्ये चोविसावा गेला, चार वर्षं एनबीए खेळला आणि लोकांनी त्यालाही 'वाया गेला' म्हटलं. मला ते मुळीच पटत नाही. २००५मध्ये पहिल्याच फेरीत दोघं: चार्ली व्हिलानुएव्हा आणि फ्रान्सिस्को गार्सिया. २००७मध्ये टिटोचा मुलगा अल, तिसऱ्या क्रमांकावर. २०२१मध्ये ख्रिस दुआर्ते, तेरावा.

म्हणजे तीसेक वर्षांत हे लोक ठिबकत आलेत, लोंढा कधीच नव्हता. बेटावर जन्मलेले एनबीएत एका वेळी बोटांवर मोजण्याइतकेच असतात, आजही. मग वाढ कुठे आहे? ती एनबीएच्या खालच्या थरांत आहे: स्पेनची लीग, युरोलीग, अमेरिकन कॉलेजं, जी लीग (एनबीएची खालची लीग), पोर्तो रिको, मेक्सिको. २०१९च्या वर्ल्ड कपला डोमिनिकन संघाने जर्मनीला ७०-६८ हरवलं, तेव्हा त्यांच्याकडे चालू एनबीए खेळाडू एकही नव्हता आणि समोर एनबीएतला डेनिस श्रोडर होता. मला विचाराल तर त्यांचा खरा आकडा असल्या निकालांत दिसतो. एक तारा कुठेही निपजू शकतो. पण तारा नसताना बारा जणांचा संघ युरोपला हरवतो, याचा अर्थ रोज पगारावर खेळणारी माणसं पुरेशी आहेत.

ही माणसं तयार होतात वस्तीतल्या क्लबांत. राजधानी सांतो दोमिंगोत जिल्ह्याची स्पर्धा होते, ती या क्लबांचीच: मौरिसियो बाएझ, सान लाझारो, सान कार्लोस, बामेसो, लॉस प्रादोस. आपल्याकडे कबड्डीची मंडळं जशी गल्लीची इभ्रत सांभाळतात तसा प्रकार. मौरिसियो बाएझ हा ऊस कामगारांचा पुढारी, पुढे हवानात परागंदा असताना नाहीसा झाला. विया ह्वाना वस्तीतल्या क्लबला त्याचं नाव आहे. तिथल्याच सान्तियागो शहरातल्या एका क्लबला ग्रेगोरियो उर्बानो गिल्बर्टचं नाव आहे, जो १९१७ साली अमेरिकन नौसैनिकांवर बंदूक घेऊन धावून गेला होता. अमेरिकेशी लढलेल्याच्या नावाचा क्लब आणि त्यात घाम गाळणाऱ्या पोरांचं स्वप्न अमेरिकेचं, ही गंमत तिथल्या माणसांनाही ठाऊक आहे, ते हसून सांगतात. राष्ट्रीय लीग त्या मानाने नवी, २००५ची. क्लबांची मुळं तिच्या खूप आधीची.

या क्लबांतून नाहीतर सिमेंटच्या उघड्या कोर्टवरून आलेला मुलगा मला पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येतो. तो रिंगकडे घुसताना अंग चोरत नाही. बचाव करणाऱ्याचा खांदा आधी स्वतःच्या छातीवर घेतो, धक्का बसल्यावर हवेत अर्धा क्षण थांबतो आणि तोल गेलेला असतानाच उलट्या हाताने बोर्डवर चेंडू लावतो. हे मी शिकवलेलं नसतं. कोर्टवर जागा कमी, पोरं जास्त आणि फाउल मागितला तर हशा होतो, यातून ते आलेलं असतं. उलट बाहेरून शॉट मारताना तोच मुलगा अडखळतो. पाय एका रेषेत येत नाहीत, चेंडू खांद्यामागून सुटतो. उघड्यावर वारा, कडक रिंग, मग लांबून मारायचं कशाला? अशा मुलाचा पहिला मोसम मी जवळजवळ सगळा पावलांवरच घालवतो. ज्याचा शॉट बसतो तो पुढे जातो. घुसणं तर त्याच्याकडे आधीच असतं.

आणि म्हणूनच सध्या तिथून गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणारे, त्या मानाने बुटके खेळाडू, जास्त येताहेत. पूर्वी नाव व्हायचं ते उंचपुऱ्यांचं. आता आंद्रेस फेलीस बघा, सव्वासहा फुटांच्या आतला, सांतो दोमिंगोच्या दाट वस्तीतला, आज रियाल माद्रिदकडे. जीन मोंतेरो व्हॅलेन्सियाकडे. दोघांचा खेळ पाहिलात तर मी काय म्हणतोय ते पहिल्या क्वार्टरमध्येच कळेल.

पण बेसबॉलच्या देशात ही मुलं बास्केटबॉलकडे वळतात कशी? इथे थोडं हिशोबी बोलावं लागेल. अमेरिकन बेसबॉलच्या मेजर लीगमधल्या तीसही संघांच्या अकादम्या त्या बेटावर आहेत. मुलगा सोळाचा झाला की करार, करारावर रोख रक्कम, आणि त्याआधी दोन-तीन वर्षं त्याला सांभाळणारा दलाल, जो त्यात आपला वाटा घेतो. बास्केटबॉलमध्ये सोळाव्या वर्षी कुणी रोख देत नाही. फार तर शिष्यवृत्ती देतात, म्हणजे विमानाचं तिकीट, शाळा आणि वसतिगृह. गरीब घराला यातलं काय निवडावंसं वाटेल हे सांगायला नको. त्यामुळे बास्केटबॉलकडे राहतात ते एक तर बेसबॉलमध्ये न बसलेले, किंवा ज्यांच्या घरातच हा खेळ आहे असे, किंवा ज्यांचं कुणीतरी आधीच परदेशात आहे असे. या तिसऱ्या गटाला कमी लेखू नका. अल हॉर्फर्ड पुएर्तो प्लाताचा. आई अरेलिस रेनोसो पत्रकार, तिच्याजवळ तो वाढला. चौदाच्या सुमारास मिशिगनला वडिलांकडे गेला, तिथल्या साध्या सरकारी शाळेत खेळला, मग फ्लोरिडा विद्यापीठाकडून २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं. मिशिगनला बाप नसता तर? एनबीए फायनलआधी १४१ प्लेऑफ सामने खेळावे लागलेला हा माणूस, अखेर २०२४मध्ये अडतिसाव्या वर्षी बॉस्टनकडून विजेता झाला. डोमिनिकन भूमीत जन्मलेला पहिला. एवढी चिकाटी सगळ्यांकडे असते असं नाही, पण वाट मात्र कुणीतरी आधी मळून ठेवलेली होती.

ज्यांचं अमेरिकेत कुणी नाही त्यांची वाट शाळेच्या कागदांतून जाते, आणि माझा निम्मा जीव तिथेच जातो. अमेरिकन कॉलेजच्या वरच्या विभागात खेळायचं तर ठरावीक विषयांचे सोळा अभ्यासक्रम पूर्ण लागतात आणि नववीपासून घड्याळ सुरू होतं. सतराव्या वर्षी आलेल्या मुलाची स्पॅनिशमधली गुणपत्रिका समोर येते. त्यावर अपोस्टिलचा शिक्का (कागद खरा असल्याची परदेशात चालणारी खूण), सोबत भाषांतर, आणि मग एकेक विषय जुळवत बसायचं की हे बीजगणितात धरतील का, हे विज्ञानात धरतील का. पुष्कळदा दोन-तीन विषय कमी पडतात. मग मधला रस्ता म्हणजे दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज. फेलीस आणि दुआर्ते दोघंही फ्लोरिडातल्या एकाच ज्युनियर कॉलेजातून पुढे गेले, नॉर्थवेस्ट फ्लोरिडा स्टेट. फेलीस तिथून इलिनॉयला, दुआर्ते ओरेगनला. दुआर्ते ड्राफ्ट झाला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. टीकाकार म्हणत होते वय जास्त आहे. अहो, वय जास्त असणारच. पहिल्याच सामन्यात त्याने २७ गुण केले.

फेलीस इलिनॉयलाच कसा गेला, हेही बघण्यासारखं आहे. तिथे सहायक कोच होते ऑर्लँडो अँटिग्वा. जन्म डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, वाढले ब्रॉंक्समध्ये, आधी हार्लेम ग्लोबट्रॉटर्सकडून खेळलेले, मग केंटकीत कॅलिपारींचे सहायक, आणि कॅलिपारींनंतर डोमिनिकन राष्ट्रीय संघाचे मुख्य कोच. ही अशी चार-पाच माणसं आहेत, त्यांचे फोन आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी एखाद्या पोराचा व्हिडिओ अमेरिकन कोचपर्यंत पोचायला नशीब लागायचं. आता त्या खुर्चीतच कुणीतरी स्पॅनिश बोलणारा बसलेला असतो आणि त्याला मौरिसियो बाएझ क्लब कुठल्या वस्तीत आहे ते माहीत असतं. वाढीचं सगळ्यात मोठं कारण मी हेच मानतो. पोरं आधीही होती. ती कुणाच्या नजरेला पडत नव्हती.

दुसरं कारण स्पेन, आणि ते आपल्या क्रिकेटवाल्यांना पटकन कळेल. कोल्पॅक खेळाडू आठवतात? सायमन हार्मर, काइल अॅबट वगैरे दक्षिण आफ्रिकन इंग्लिश कौंटीत परदेशी न धरता खेळायचे. त्याच्या मागे युरोपीय संघाचा आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक देशांशी झालेला कोटोनू करार होता. डोमिनिकन रिपब्लिक त्याच गटातला देश. त्यामुळे स्पॅनिश लीगमध्ये युरोपबाहेरच्या खेळाडूंच्या जागा मोजक्या असल्या तरी डोमिनिकन खेळाडू त्या जागा अडवत नाही. क्लबच्या व्यवस्थापकाच्या दृष्टीने बघा: तेवढाच चांगला अमेरिकन गार्ड घेतला तर एक परदेशी जागा जाते, डोमिनिकन घेतला तर ती शिल्लक राहते. शिवाय स्पेनचं नागरिकत्व मिळवायला इतरांना साधारण दहा वर्षांचं वास्तव्य लागतं, स्पॅनिश अमेरिकेतल्या देशांच्या नागरिकांना दोन. आणि कोवळ्या वयात तिथल्या क्लबात तीन मोसम घडलेला खेळाडू 'घरचा' म्हणून धरला जातो, मग पासपोर्ट कुठलाही असो. संघात असे घरचे ठरावीक संख्येने ठेवावेच लागतात. या तीन नियमांची बेरीज केली की स्पॅनिश क्लब चौदा-पंधराची पोरं हेरायला सांतो दोमिंगोला का जातात ते वेगळं सांगावं लागत नाही.

मोंतेरो तसाच गेला. पोरवयात ग्रान कानारियाच्या क्लबात. मधे २०२१-२२मध्ये अटलांटात ओव्हरटाइम एलीट या कुमारवयीन खेळाडूंच्या लीगकडे आला, २०२२च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही. इथल्या बऱ्याच जणांनी फाइल बंद केली. तो परत स्पेनला गेला: बेटिस, आंदोरा, मग व्हॅलेन्सिया. ड्राफ्टमध्ये नाव न येणं म्हणजे करिअर बुडालं, हा समज फक्त अमेरिकेत आहे.

आता त्या मुलाच्या आईकडे येऊ. इथून पुढे बरंच 'असेल तर' आहे, कारण मी मुलगा पाहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र त्यावर अवलंबून नाही, ती या आठवड्यातच करायला सांगा: मुलाचा डोमिनिकन पासपोर्ट, सोळावा वाढदिवस व्हायच्या आत. आईचा जन्मदाखला, मुलाचा इथला जन्मदाखला आणि न्यूयॉर्कचा त्यांचा वाणिज्य दूतावास, एवढ्यावर काम सुरू होतं. कारण असं की, ज्याने एखाद्या देशाचं नागरिकत्व सोळानंतर मिळवलं असे खेळाडू राष्ट्रीय संघात एका वेळी एकच चालतो, असा फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, नियम आहे. जन्माने हक्क असूनही पासपोर्ट उशिरा काढला तर प्रकरण फिबाकडे जातं, तिथे अर्ज, पुरावे, वाट बघणं. स्पॅनिश क्लबही पहिला प्रश्न पासपोर्टचाच विचारतो. केवळ अमेरिकन पासपोर्टवर गेला तर तो तिथे परदेशी जागा खाणार, म्हणजे वर जे फायदे सांगितले त्यातला एकही नाही. मुलगा पुढे डोमिनिकन संघाकडून खेळला नाही तरी पासपोर्ट वाया जात नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की सतरानंतर एकदा कुठल्या देशाकडून अधिकृत सामना खेळला की दुसऱ्या देशाकडे जाणं जवळपास बंद होतं.

स्पेनला पाठवावं का? मुलगा गार्ड असेल, वयाच्या मानाने डोकं शांत असेल आणि क्लबने वसतिगृह, शाळा आणि किमान तीन मोसमांची लेखी हमी दिली असेल, तर विचार करण्यासारखं आहे. उन्हाळ्यातल्या एखाद्या स्पर्धेत भेटलेल्या एजंटाने 'मी बघतो सगळं' म्हटलं असेल तर नाही. विमानतळावर उतरल्यावर कळलं की क्लब वेगळाच आणि शाळा स्पॅनिशमधून, अशी मुलं मी परत आलेली पाहिली आहेत. आणि हा मुलगा इथे जन्मलेला आहे, हे विसरू नका. बेटावरून येणाऱ्या मुलाला जो विद्यार्थी व्हिसा मिळतो त्यावर कमाईची बंधनं असतात. आता कॉलेजातले खेळाडू नावावर, जाहिरातींवर पैसे मिळवतात त्यात ती मुलं अडकतात. याला तो अडसर नाही. सोळा अभ्यासक्रमांची गुणपत्रिका त्याच्या शाळेत आपोआप तयार होते, भाषांतर नको, शिक्का नको. ज्या गोष्टीसाठी दुआर्तेची वर्षं गेली ती याला फुकट मिळतेय. तो उंच सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा, असेल तर मी इथेच ठेवीन. सेंटरला अंग भरायला वेळ लागतो आणि कॉलेजात तो वेळ मिळतो.

सांतो दोमिंगोचं म्हणाल तर कायमचं नको, उन्हाळ्यात सहा आठवडे जरूर. मावशी-मामाकडे राहू दे, जवळच्या क्लबात रोज संध्याकाळी खेळू दे. राष्ट्रीय फेडरेशनच्या वयोगटाच्या निवडीत पासपोर्टवाला, उंच, न्यू जर्सीत खेळणारा मुलगा त्यांनाही हवाच असतो. तिथल्या कुठल्या वस्तीत नातेवाईक आहेत ते आईला विचारून मला कळवा, म्हणजे त्या भागात कुणाशी बोलायचं ते सांगतो. सोबत त्याची उंची, आईवडिलांची उंची आणि मागच्या मोसमातल्या एका पूर्ण सामन्याचा व्हिडिओ पाठवा. निवडक बास्केटांचा नको, पूर्ण सामन्याचा.